न भरणारी टाकी

आमच्या संडासाची टाकी पंधराएक वर्षांत एकदाही भरली नव्हती, आणि या गोष्टीचा मला फार अभिमान होता. बायका पाहुण्यांना पाटल्या दाखवतात, पैठणी दाखवतात. मी टाकीचं झाकण दाखवायची. "बांधल्यापासून एकदा उघडलं न्हाई बघा," असं म्हणून त्याच्यावर पाय आपटायची. पाहुणे माना डोलवायचे. चहाचा कप हातात धरून, बाई हे काय दाखवून राह्यली, असं त्यांच्या मनात येत असेल, पण बोललं कुणी नाही.

ती बाई, म्हणजे तेव्हाची मी, आज मला रस्त्यात भेटली तर आधी मी तिला गार पाणी पाजीन, जाऊबाईंच्या विहिरीचं, आणि मग तिचा कान धरीन.

वाटूरहून मंठ्याकडे निघालं की डांबरी सोडून आत आमची जमीन. आमच्या भागात शेतातल्या राहत्या घराला आखाडा म्हणतात. कुस्त्याही होत तिथं, पण जावाजावांच्या आणि तोंडानं. एक्क्याऐंशी साली भावाभावांची वाटणी झाली आणि आम्ही गावातून शेतात राहायला आलो. वरच्या अंगाला थोरले दीर आणि जाऊबाई, त्यांची विहीर त्यांच्याकडे. खालच्या अंगाला आम्ही: हे, मी, एक पोरगी, एक पोरगा. आमच्या वाट्याच्या विहिरीचं पाणी गोड होतं. चहाला वेगळीच चव येते म्हणायचे लोक. ते पाणी मीच गोड केल्यासारखी मी लाजायची.

त्याच वर्षी जालन्याला एका नातेवाइकाकडे लग्नाला गेल्ते, तिथं घरातच संडास पाहिला. परत आले ते तोंड फुगवून. आमच्या आसपास कुणाच्याच शेतात संडास नव्हता, म्हणून तर मला पाहिजे होता. ह्यांनी दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी गवंडी आणला.

"लिंबापल्याड घेऊ," हे म्हणाले. "खालच्या अंगाला. उकिरडा हाय तिकडं."

"आन पाणी कोन वाहून नेनार तिथवर? तुमी?"

"तुझ्या एका बादलीसाठी हिरीजवळ घाण आणतीस व्हय?"

"घाण कशाची? पक्की टाकी हाय ना? सिमेटाची?"

ह्यांनी गवंड्याकडे पाहिलं. गवंड्यानं आभाळाकडे पाहिलं. संडास विहिरीजवळ झाला. बादली शेंदली की चार पावलांत आत. किती हुशार मी!

हुशारी तिथं थांबली असती तरी चाललं असतं. टाकीचा खड्डा तयार झाला, चारी बाजूंनी विटा चढल्या, आणि गवंड्यानं विचारलं, "वैनी, तळाला कोबा करायचा ना?"

"तळाला कशाला? तळ कोन बघून राह्यलंय?"

"तसं न्हाई, पन..."

"पाणी जिरू द्या की खाली. जिरलं तर चांगलंच."

टाकीच्या तळाचं सिमेंट मी धुण्याच्या ओट्याला लावलं. गुळगुळीत, तांबडा ओटा. त्याच्यावर धुणं आपटताना वरच्या अंगाला जाऊबाई टमरेल घेऊन रानात जाताना दिसल्या की मी मुद्दाम जोरात आपटायची.

जाऊबाई काही कमी नव्हत्या. एकदा माझ्या झाकणाकडे बघत म्हणाल्या, "माझ्या भावाची टाकी दर दोन-तीन वर्साला उपसावी लागती. तुमचं सगळं जातं कुठं बाई?"

"पाताळात."

"पाताळ लय जवळ हाय मंग तुमच्याकडं."

मी खूप हसले. दिवसभर हसले. पुढं किती वर्षं हसत होते कुणास ठाऊक.

दोनतीन उन्हाळे गेल्यावर आणखी एक नवल झालं. चैत्रात विहिरी तळाला जातात, झरे आटतात. आमच्या विहिरीतही तेच व्हायचं. पण त्या वर्षी विहिरीच्या आतल्या भिंतीतून, मुरुमाच्या थरातून, एक बारीक धार पाझरायला लागली. बाकी सगळं कोरडं, आणि तेवढीच जागा ओली, हिरवं शेवाळ धरलेली. हे खाली उतरले, ओंजळ धरली, डोळ्यांना लावली. वर येऊन म्हणाले, "जिता झरा हाय. देवीनं दिला." मी वरून हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडला. त्यानंतर दर वर्षी अक्षय्य तृतीयेला त्या झऱ्याच्या अंगाला तोंड करून मी पूजा करायची. तो झरा विहिरीच्या कोणत्या अंगाला होता, ते मला रोज दिसत होतं. धुण्याच्या ओट्याच्या अंगाला. ओट्याच्या मागे संडास. दिसणं आणि कळणं यांच्यात माझ्या डोक्यात मोठा बांध होता.

मधली वर्षं गेली तशी गेली. पोरगी जालन्याला दिली. पोरगा शेत बघायला लागला. आणि नव्वदीनंतर एका हिवाळ्यात हे गेले. कापसात उभे होते, छातीला हात लावला, बसले. पोरगा पळत आला तोवर संपलं होतं.

मला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, रडू द्या तिला, नाहीतर आतल्या आत राहील. एकीनं चिमटा काढून पाहिला. ते कळलं, म्हणजे चिमटा कळला, पण रडू नाही. मी कामं करत होते. भाकरी थापत होते, ती गोल होत होती. पोरानं बैल विकले तेव्हा त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, दावं सोडून दिलं. काहीच वाटत नव्हतं. बाजरीच्या पोत्यात हात घालून ठेवावा आणि हात आहे की नाही ते कळू नये, तसं.

त्या दिवसांत मला एक जागा सापडली, चुलीसमोरची. चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवलं की बाईला कुणी काही विचारत नाही. काय करून राह्यली? पाणी ठेवलंय. बास. पाणी उकळायचं, आटायचं, मी बघत बसायची. आटलं की आणखी ओतायची.

वर्ष झालं आणि पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. घरात दु:ख ताजं आहे, सासरीच होऊ दे, असं पोरगा म्हणाला होता. पण पहिलं बाळंतपण माहेरचं. तिच्या सासूबाई सोडायला आल्या तेव्हा निघताना मला म्हणाल्या, "विहीणबाई, जशी आणून घातली तशी परत द्या. दोघं." बोलणं गोड होतं, पण त्यातला वजनाचा दगड मला बरोबर कळला.

मंठ्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. गोरी नाही, काळी नाही, गुलाबी. पंधरा दिवस सगळं ठीक होतं. मग पोरीच्या थानाला गाठ आली, ताप चढला, दूध आटलं. डब्याचं दूध आणलं. पोरगी सुईणीवाणी आडवी पडल्या पडल्या मला शिकवायची, "आई, पाणी उकळून घे बरं का. चांगलं उकळ."

उकळायचं मला शिकवते! माझं तेवढंच तर काम चाललं होतं. पातेलंभर पाणी चुलीवर चढवायची आणि तांब्याभर उरेस्तोवर समोर बसायची. मग ते गार करून त्यात दूध कालवायची. पोरीला वाटायचं, आई किती जपते. आई कुठं होती, ते आईलाच ठाऊक नव्हतं.

सव्वा महिन्यानं बाळंतीण विहीर पुजते. पोरगी हिरवं लुगडं नेसून, तान्ही छातीशी धरून विहिरीवर गेली. ओटी भरली, हळदकुंकू वाहिलं. मी तिला म्हणलं, "झऱ्याकडं तोंड कर. तुझ्या बापाचा झरा हाय." तिनं केलं.

तोवर तान्हीचा रंग बदलायला लागला होता. ओठ जांभळट, नखं शाईत बुडवल्यासारखी. मी म्हणलं, थंडी. पोरगा म्हणाला, नजर. जाऊबाई बाळंतिणीला भेटायला आल्या, तान्हीला उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "सावळी व्हनार. बापावर गेली." आमचे जावई चांगलेच सावळे. झालं, निकाल लागला. सगळे हसले. त्या दिवसापासून लेकरू दिवसेंदिवस निळं पडून राह्यलं होतं आणि आम्ही म्हणत होतो, बापावर चाललंय.

मग जुलाब लागले. तेव्हा कुठं जालन्याला लेकरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी छाती ऐकली, परत ऐकली. जुलाबाचं औषध दिलं. म्हणाले, हृदयाची तपासणी करून घ्यावी लागेल, चार दिवसांनी या. आणि पाणी कुठलं म्हणून विचारलं.

"हिरीचं," मी म्हणलं. "पण उकळून देते. लय उकळून."

"उकळत राहा. आणि एकदा तपासून घ्या ते पाणी."

हृदयाचं नाव निघाल्यावर पोरगी परतीच्या जीपमध्ये नुसती तान्हीची बोटं आपल्या मुठीत धरून बसली. सासरचे पुढच्या आठवड्यात न्यायला येणार होते. "जशी आणून घातली तशी." मी खिडकीतून बाहेर बघत होते. कापूस फुटला होता. मला काही वाटत नव्हतं, आणि वाटत नाही हे मात्र कळत होतं.

घरी आल्यावर मी आणखी मोठं पातेलं काढलं.

दुसऱ्या दिवशी पोरानं पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेतून एक पांढरा डबा आणला. "आई, ह्यात हिरीचं पाणी भरून ठेव. सकाळी नेतो."

आता बघा माझं शहाणपण. सरकारी माणसाला द्यायचं पाणी, ते कुणी तसंच विहिरीतून काढून देतं का? काडीकचरा असतो, शेवाळ असतं. आपल्या घरची शोभा जायची. मी बाळासाठी उकळलेल्या पातेल्यातलंच पाणी घेतलं, धोतराच्या धुवट फडक्यातून गाळलं आणि डबा काठोकाठ भरला. झाकण पुसून दिलं. पाहुण्याच्या हातात तांब्या द्यावा तसा पोराच्या हातात डबा दिला.

दोनतीन दिवसांनी मोटारसायकलवर एक गृहस्थ आखाड्यावर आले. पन्नाशीचे, जुन्या जालन्याचे, घरी उर्दू बोलणारे. मराठी आमच्यासारखीच. प्रयोगशाळेतले साहेब म्हणून पोरानं ओळख करून दिली. त्यांनी टेकायच्या आधीच विचारलं, "भाभी, हिरीत युरियाची गोणी पडली का हो तुमच्या?"

"न्हाई बाई! गोणी कशी पडंल?"

"न्हाई, तुमच्या पाण्यात नायट्रेट इतकं निघालंय, की मला वाटलं माझंच काही चुकलं. दोनदा केलं. म्हणून म्हणलं स्वत: जाऊन बघावं."

नायट्रेट म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं: खतात असतं, शेणामुतात असतं, माणसाच्याही. जमिनीत मुरलं की पाण्याबरोबर चालतं. दिसत नाही, वास नाही, चव नाही. पोरगा म्हणाला, युरियाच असंल, कपाशीला टाकतोच. साहेब म्हणाले, असंल, पण अंदाजानं नको. आणि ते सगळा आखाडा फिरून बघायला निघाले. त्यांच्यासोबत मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण घर दाखवायची माझी जुनी हौस.

गोठा पाहिला. रिकामा होता, वर्षभर तिथं जनावर नव्हतं. उकिरडा पाहिला. तो लिंबापल्याड, खालच्या अंगाला, विहिरीपासून उतरता. साहेबांनी मान हलवली. मग संडास. मी पुढं झाले, झाकणावर पाय आपटला.

"ही टाकी कधी उपसली होती, भाभी?"

याच प्रश्नाची तर मी पंधरा वर्षं वाट बघत होते. "उपसायची गरजच पडली न्हाई! एकदाबी भरली न्हाई."

साहेबांनी आधी टाकीकडे बघितलं, ओट्याकडे, मग विहिरीकडे. उतार नजरेनं मोजल्यासारखं केलं. काठावर जाऊन आत वाकले.

"तो ओला पट्टा कशाचा?"

"झरा हाय," मी म्हणलं. "जिता झरा. भर उन्हाळ्यातबी आटत न्हाई. ह्यांनी..." आणि मी हळदकुंकवाची गोष्ट सांगायला लागले. सांगता सांगता माझा मीच आवाज ऐकला. साहेब विहिरीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. हळू म्हणाले, "टाकी बांधायच्या आधी होता का हा झरा?"

मी वळून ओट्याकडे बघितलं. पोरानंही.

त्यांनी दोरीला बाटली बांधून आमच्या विहिरीचं पाणी घेतलं, झऱ्याच्या धारेचं वेगळं घेतलं. मग म्हणाले, "वरची हीर कुणाची? तिथलंबी पाहिजे. त्यांच्या कपाशीलाबी युरिया असेल ना? मंग ते पाणी बघू. तेबी असंच निघालं तर दोष खताचा." पोरगा त्यांना वर घेऊन गेला. मी घरात आले, चहा टाकला.

ते परत आले तेव्हा चुलीवर मोठं पातेलं रटरटत होतं. पोरगी शेजारी बसून तान्हीला बाटली पाजत होती.

"हे काय?" साहेबांनी पातेल्याकडे बोट केलं.

"लेकराचं पाणी. आटवून आटवून देते मी. तुमच्या डब्यातबी हेच तर दिल्तं, उकळून, फडक्यातून गाळून. बिलकुल साफ."

त्यांनी कप खाली ठेवला. "डब्यात उकळलेलं दिल्तं?"

"मंग! कच्चं कसं देनार?"

"भाभी, म्हणून एवढं निघालं." ते पोरीजवळ जाऊन खाली बसले. तान्हीचा हात धरला, नखं पाहिली. "उकळल्यानं जंतू मरतात. हे जंतू न्हाईत, हे मिठासारखं. आमटी आटली तर मीठ उडून जातं का?"

आमटी आटली की खारट होते, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"मोठ्या माणसाला पचून जातं," ते म्हणाले. "तान्ह्याच्या रक्तात हवा धरायचं बळ राहत न्हाई. ती बाटली काढा आधी. आन चला, आत्ताच चला."

पोरीनं बाटली काढली. तान्ही रडली नाही, हे मला तेव्हा दिसलं. पोरगी माझ्याकडे बघत होती. नुसती बघत होती. मी चुलीतलं लाकूड ओढून राखेत विझवलं. पातेलं तसंच राहू दिलं.

जीप सडकेवर मिळाली. साहेब मोटारसायकलवर पुढं. डॉक्टरांना त्यांनीच सगळं सांगितलं. डॉक्टरांनी तान्हीच्या हातातून रक्त काढलं, ते काकवीसारखं. तांबडं नव्हतंच. डॉक्टर ते उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पुस्तकात वाचलं होतं. पाहिलं आज."

औषध कुठूनतरी मागवलं. शिरेतून द्यायचं, आणि गंमत बघा, ते गडद निळं. निळ्या लेकराला निळं औषध! मला हसू आलं. खरंच आलं. दवाखान्याच्या बाकावर बसून मी हसले आणि शेजारच्या बाईनं आपलं लेकरू उचलून दुसऱ्या बाकावर नेलं. मग हसू गेलं आणि परत तेच बाजरीचं पोतं. भिंतीवर लसीकरणाचं चित्र होतं, त्यातलं बाळ गोबरं होतं. मी ते चित्र बघत बसले. पोरगी आत होती. मला कुणी आत बोलावलं नाही, मीही गेले नाही.

दुपार कलली तेव्हा पोरगा बाहेर आला. "आई, ओठ बघ येऊन." मी गेले. गुलाबी. पंधरा दिवसांची असताना होते तसे. तान्ही जोरात रडत होती. सगळे हसत होते. मी म्हणलं, "चहा मिळंल का इथं?" एवढंच सुचलं.

हृदय ठीक होतं. कधी बिघडलंच नव्हतं.

पुढं पाण्याचे निकाल आले. झऱ्याच्या धारेत सगळ्यात जास्त, आमच्या विहिरीत त्याच्याखालोखाल, मर्यादेच्या पुष्कळ वर. आणि जाऊबाईंची विहीर स्वच्छ, त्याच कपाशीला तोच युरिया असून. साहेबांनी आणखी एक सांगितलं: आमच्या पाण्यात मीठही जास्त आलं होतं. "युरियात मीठ नसतं," ते म्हणाले. "हे तुम्ही जेवणात खाल्लेलं मीठ, भाभी. टाकीतून हिरीत, हिरीतून परत ताटात." खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. आमचं मीठ फारच जागलं होतं.

टाकीचं झाकण पहिल्यांदा उघडलं. आत पाणी जवळजवळ नव्हतंच. पोरगा वाकून म्हणाला, "आई, ह्याला तळच न्हाई."

"मला ठाव हाय," मी म्हणलं.

आता पाणी आणायचं कुठून? गावातला हापसा लांब. राहिली वरची विहीर. ज्यांच्या टमरेलावर मी इतकी वर्षं धुणं आपटलं, त्यांच्या दारात हंडा घेऊन उभी राहिले. जाऊबाई ज्वारी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "या. टमरेलवाल्यांच्या हिरीचं पाणी चालतंय का तुमाला?"

"चालतंय."

"बघा बरं. आमच्याकडं पाताळ लांब हाय."

मी पोहरा सोडला. हंडा भरला, उचलायला वाकले, तर त्या उठून आल्या आणि हंड्याला हात लावला. डोक्यावर चढवून दिला, चुंबळ नीट केली. "लेकीच्या लेकीचा रंग बदलला म्हणं," त्या म्हणाल्या. "मीच म्हणले ना सावळी व्हनार. माझंबी तोंड फुटकं." आणि परत ज्वारीला बसल्या. तेव्हापासून रोज जायची मी, आणि रोज एक टोमणा मिळायचा. पाण्याची किंमत म्हणून मी तो मुकाट घ्यायची. एखाद्या दिवशी टोमणा आला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

पोरगी सासरी गेली, दोघी गेल्या, जशी आणून घातली तशी. सासूबाईंनी विचारलं असणार, इतके दिवस दवाखान्यात का. पोरीनं सांगितलं, "पाणी मानवलं न्हाई तिला." एवढंच. माहेरची अब्रू तिनं झाकली. पण त्यानंतर ती आखाड्यावर आली की एस.टी.तून उतरताना तिच्या हातात पाण्याचा कॅन असायचा. जालन्याचं पाणी. तान्हीसाठीच नाही, स्वत:साठीसुद्धा. मी वरच्या विहिरीचा हंडा भरून ठेवलेला असायचा. ती त्याच्याकडे बघायची नाही. भाजी-भाकरी माझ्या हातची खायची, पाणी मात्र आपल्या कॅनचं. मी कधी विचारलं नाही. ज्या आईनं उकळून उकळून दिलं, तिच्या हातचं पाणी कोण घेईल? मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. म्हणजे, वाटायला पाहिजे होतं त्या जागी काही नव्हतं.

पोरानं नवी टाकी लिंबापल्याड बांधली. हे तेव्हा म्हणाले होते तिथं. तळाला जाड कोबा. गवंडी नवा होता, त्याला मी बसून राखलं. जुनी टाकी उपसून मुरुमानं, मातीनं बुजवली, वर जांभळाचं कलम लावलं. झऱ्याची धार दुसऱ्या उन्हाळ्यात बारीक झाली, तिसऱ्या उन्हाळ्यात बंद. शेवाळ वाळून गळून पडलं. मी एकदा काठावर जाऊन त्या कोरड्या जागेकडे बघितलं. ह्यांनी ओंजळ डोळ्यांना लावली होती, तेच आठवत राहिलं. बरं झालं, त्यांना हे कळायच्या आत गेले. की कळलं असतं आणि त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं असतं, गवंड्याकडे बघितलं होतं तसं.

विहीर पोरगा दर पावसाळ्यानंतर तपासून आणायचा. बाटली आता तोच भरायचा, मला हात लावू देत नव्हता. आकडा उतरत गेला. आणि एका वर्षी, दोन हजार साल उलटून दोनतीन वर्षं झाली होती तेव्हा, तो म्हणाला, "आई, पेय हाय. साहेबांनी सांगितलं." ते साहेब तोवर निवृत्तीला आले होते. मी मान हलवली आणि हंडा घेऊन वरच्या विहिरीला गेले. सवय.

त्या वर्षी जूनच्या सुरवातीला लेक आणि नात आल्या. नात आता शाळेत जाणारी, लांब पायांची, एका जागी न ठरणारी. लेक ओसरीवर कॅनचं बूच लावत होती, मी शेंगा फोडत होते. नात जांभळाकडून पळत आली, पोरानं विहिरीवर बसवलेली मोटार चालू होती, आणि तिनं पाइपाला सरळ तोंड लावलं. घटाघट. आम्ही दोघी उभ्या राहिलो. ती पाणी पिऊन वळली, तर ओठ निळे-जांभळे.

लेकीच्या हातून कॅन पडला. ती धावली, मीही धावले, माझ्या वयाला शोभत नाही तशी. लेकीनं तिचा हात ओढून नखं पाहिली. नखंही जांभळी. मी नातीला धरून ओट्यावर बसवलं, पाय वर उचलला, चप्पल काढून फेकली. पायाची नखं. धुळीनं भरलेली. पदराच्या टोकानं अंगठा घासला.

गुलाबी.

"आज्जी, गुदगुल्या होऊन राह्यल्या!" नात ओरडली, आणि जीभ बाहेर काढली. जीभ पण जांभळी, शेंड्यापासून मुळापर्यंत. तिच्या फ्रॉकच्या खिशातून दोन जांभळं ओट्यावर घरंगळली.

लेक माझ्याकडे बघायला लागली. मग ती हसली, आणि मी हसले, आणि माझं हसू मध्येच कुठंतरी वळलं. रडू कुणाचं होतं ते मला सांगता येणार नाही. ह्यांचं असेल, इतक्या वर्षांचं. नात घाबरून म्हणाली, "आई, आज्जीला काय झालं?"

"काही न्हाई," लेक म्हणाली. "आज्जीला तहान लागली." तिनं ओट्यावरचा तांब्या उचलला, पाइपाखाली धरला, भरला. आधी स्वत: प्यायली, वरून, थांबून थांबून, अर्धा होईस्तोवर. मग मला दिला.

पाणी आता पहिल्यासारखं गोड लागत नाही, असं मला वाटलं. पण ते मी कुणाला सांगितलं नाही. आणि ती जांभळं कुठल्या मातीत वाढलीत, हेही नातीला अजून सांगितलेलं नाही. ती दर वर्षी पिशवीभर घेऊन जाते.

नव्या टाकीचं म्हणाल तर ती पाच वर्षांत भरली. उपसायचा टँकर आला त्या दिवशी मी जाऊबाईंना बोलावलं, खुर्ची टाकून दिली, चहा दिला. त्यांनी नाकाला पदर लावला.

"बघा," मी म्हणलं, "भरली."